सुतार म्हणाले, आम्हाला इथेच राहायचंय, पण... एका लाकडी घरं बांधणाऱ्या कंपनीची केस

घरं बांधणाऱ्या कुठल्याही छोट्या मालकाशी पाच मिनिटं बोला, सहाव्या मिनिटाला रडगाणं सुरू होतं की चांगला सुतार टिकत नाही. आठ-दहा वर्षं घालून माणूस तयार करायचा, त्याला ड्रॉइंग वाचता यायला लागतं, गिऱ्हाइकाशी नीट बोलता यायला लागतं, चार पोरं हाताखाली घेऊन काम काढता येतं, आणि नेमका तेव्हाच तो म्हणतो शेठ, आता मी स्वतःची कामं घेतो. बरं, त्याचं चुकतं असंही नाही. राहिला तर काय मिळणार, रोजाचा रेट थोडा वाढेल, आणि पन्नाशीत कंबर गेली की घरी.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका बेटावर 1986 च्या सुमाराला अगदी हेच झालं, पण शेवट वेगळा झाला, म्हणून ही केस लिहायला घेतली. कंपनीचं नाव साउथ माउंटन कंपनी, गाव वेस्ट टिसबरी, बेट मार्थाज् व्हिनयार्ड. डिझाइनपासून चावी हातात देईपर्यंत सगळं करणारी कंपनी, मुख्यतः लाकडी फ्रेमची घरं. मालक जॉन एब्रम्स. त्यांच्याकडचे दोन जुने सुतार त्यांना येऊन म्हणाले की आम्हाला इथेच राहायचंय, आयुष्यभराचं काम म्हणून हेच करायचंय, पण नुसत्या तासाच्या मजुरीवर ते जमणार नाही, यात आमचं काहीतरी असायला हवं.

लक्षात घ्या, हे भांडण नव्हतं. संप नाही, युनियन नाही, सोडून जायची धमकी नाही. "राहायचंय पण" एवढंच. मला वाटतं मालकाला सगळ्यात अडचणीत टाकणारं वाक्य हेच असतं, कारण धमकीला उत्तर देता येतं, याला काय देणार?

आता जरा मागचं. एब्रम्स आणि त्यांचा पार्टनर मिचेल पोसिन यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला धंदा काढला. दोघंही त्या काळातली लांब केसांची, कॉलेजच्या चाकोरीतून बाहेर पडलेली पोरं, बांधकामाचं रीतसर शिक्षण नाही, हातात पटाशी-रंधा आणि उत्साह. 1975 मध्ये एब्रम्सच्या आईवडिलांचं घर बांधायला म्हणून बेटावर आले आणि तिथलेच झाले. पुढे ऐंशीच्या दशकात पोसिन बाहेर पडला, तो बेटावरच शेती आणि मेंढ्यांकडे वळला, आणि एब्रम्स एकटे मालक उरले. म्हणजे ते दोन सुतार आले तेव्हा या माणसाने पार्टनरशिप म्हणजे काय आणि ती संपते तेव्हा काय होतं हे दोन्ही बघितलेलं होतं. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण एकदा भागीदार गेला की बहुतेक माणसं परत त्या वाटेला जात नाहीत.

बेटाचंही सांगायला हवं, नाहीतर केस कळणार नाही. मुख्य भूमीवरच्या वूड्स होल बंदरातून फेरीने 45 मिनिटं. बारमाही वस्ती 20 हजारांच्या आसपास, आणि उन्हाळ्यात ती कित्येक पटीने फुगते. न्यूयॉर्क-बॉस्टनच्या पैसेवाल्यांची सुट्टीची घरं, ओबामांनीही 2019 मध्ये बेटावरच्या एडगरटाउन गावात घर घेतलं. जमिनीचे भाव त्यामुळे कुठल्या कुठे. तिथे एक प्रकार चालतो, भाड्याने राहणाऱ्या स्थानिकांना हिवाळ्यात घर मिळतं आणि जून आला की रिकामं करावं लागतं, कारण मालकाला तेच घर पर्यटकांना आठवड्याच्या भावाने द्यायचं असतं. मग ही मंडळी तीन महिने नातेवाइकांकडे, तंबूत, कुणाच्या गॅरेजवरच्या खोलीत. दरवर्षी. आणि यात कोण असतं तर मास्तरीण, नर्स, आणि हो, त्याच पर्यटकांची घरं बांधणारा सुतार. अलिबाग-मांडवा किंवा उत्तर गोव्याकडच्या लोकांना हे काही नवीन सांगायला नको.

तर अशा ठिकाणी चांगला सुतार गेला म्हणजे तो नुसता दुसऱ्या कंपनीत जात नाही, बेट सोडूनच जातो, आणि बदली माणूस बाहेरून आणायचा तर त्याने राहायचं कुठे? त्यामुळे "राहायचंय पण" या वाक्याची किंमत तिथे जास्त होती.

एब्रम्सपुढे काय काय पर्याय होते ते बघू. पगार वाढवणं, सोपं. वर्षाअखेर बोनस, तेही सोपं, आणि आपल्याकडे दिवाळीला तेच होतं. तिसरा पर्याय त्या दोघांना पार्टनर करून घेणं, म्हणजे तिघं मालक, बाकीचे नोकर. हा तिसरा बहुतेक जण करतात आणि मला विचाराल तर तोच सगळ्यात घोळाचा. कारण पाच वर्षांनी तिसरा सुतार येऊन तेच म्हणणार, आणि तोपर्यंत कंपनीची किंमत इतकी वाढलेली असणार की त्याला हिस्सा विकत घ्यायला घर गहाण टाकावं लागेल. म्हणजे दार एकदा उघडून परत लावल्यासारखं.

त्यांनी चौथंच केलं. 1987 पासून कंपनी कामगारांच्या सहकारी मालकीची झाली. सुरुवातीला मालक तिघंच, एब्रम्स आणि ते दोन सुतार, पण दार मात्र कायमचं उघडं, ठरावीक वर्षं काम केलं की कुणीही आत येऊ शकतो.

नशिबाने राज्यात कायदा तयार होता. मॅसॅच्युसेट्सने 1982 मध्ये कामगारांच्या सहकारी कंपन्यांसाठी वेगळा कायदा केला होता, अमेरिकेतला तशा प्रकारचा पहिलाच. त्याची मूळ कल्पना स्पेनच्या बास्क भागातल्या मोंड्रागॉनमधून आलेली. तिथे एका कॅथलिक पाद्र्याने पोरांसाठी तंत्रशाळा काढली आणि तिथून बाहेर पडलेल्या पाच जणांनी 1956 मध्ये स्टोव्ह बनवायचा कारखाना टाकला, कामगारच मालक अशा पद्धतीचा, आणि आज तो मोठा उद्योगसमूह आहे. म्हणजे बास्क पाद्र्याची आयडिया, मॅसॅच्युसेट्सचा कायदा आणि बेटावरचे दोन सुतार. असा सगळा योग.

आता यंत्रणा, कारण खरी गंमत इथे आहे आणि याच्यावर लोक फार कमी बोलतात.

सभासद व्हायचं तर एक शेअर घ्यायचा. एकाला एकच. मत पण एकच, एब्रम्सलाही एकच. शेअरची किंमत त्यांनी मुद्दाम एवढी ठेवली की बऱ्यापैकी सेकंडहँड गाडी घेता येईल तेवढी, असं एब्रम्स स्वतः सांगतात. अगदी फुकट नाही, म्हणजे माणूस विचार करून आत येईल, पण इतकी जास्त नाही की सुताराला परवडू नये, आणि ती पगारातून हळूहळू भरता येते. बाजारात कंपनीची किंमत कितीही वाढली तरी आत यायची किंमत त्या प्रमाणात वाढत नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं. तिसऱ्या पर्यायातला घोळ इथे सुटतो.

मग वाढलेली किंमत जाते कुठे? दरवर्षीचा नफा झाला की त्यातला काही भाग कंपनीत राहतो आणि सभासदांच्या नावाने खाती असतात त्यात वाटून जमा होतो, भांडवल किती घातलं यावर नाही तर काम किती केलं यावर. रोख हातात येत नाही, खात्यावर साठतो. कंपनी तो पैसा वापरते, लाकूड घेते, मशिन घेते. माणूस निवृत्त झाला किंवा सोडून गेला की त्याचं खातं त्याला टप्प्याटप्प्याने द्यायचं. तोटा झाला तर तोही या खात्यांतूनच वजा होतो हं, हे विसरू नका, मालक म्हणजे नुसतं गोड खायचं असं नाही.

धोकाही इथेच आहे. समजा एकाच वर्षी चार जुनी माणसं निवृत्त झाली तर चार मोठी खाती एकदम फोडायची वेळ येते, आणि त्याच वर्षी मंदी असेल तर कंपनीचा श्वास अडकतो. म्हणून टप्पे, म्हणून रिझर्व्ह. सहकाराबद्दल भावुक होणारे लोक हा भाग सोडून देतात आणि मग पंधरा वर्षांनी सगळं फसतं तेव्हा एकमेकांकडे बघत बसतात.

आणि एक गैरसमज. कामगार मालक म्हणजे कुठला खिळा वापरायचा यावर मतदान, असं नसतं. रोजचं काम साइटचा प्रमुख ठरवतो, डिझाइन डिझाइनवाले ठरवतात. मालक म्हणून सगळे एकत्र बसतात ते मोठ्या गोष्टींवर, म्हणजे कंपनी किती वाढवायची, कुठल्या प्रकारची कामं घ्यायची, नफ्याचं काय करायचं, कुणाला सभासद करायचं. तिथेही आधी एकमत करायचा प्रयत्न आणि नाहीच जमलं तर मत. एब्रम्स अनेक दशकं प्रमुख राहिले, म्हणजे मालकी वाटली म्हणून नेतृत्व विरघळलं नाही. उलट मला तर वाटतं की मत एकच असताना लोक तुमचं ऐकतात म्हणजे तुमचं खरंच काहीतरी वजन आहे.

वाढीवर त्यांच्यात बराच खल झाला. बेटावर कामाची कमी नाही, ठरवलं असतं तर दुपटीने-तिपटीने वाढता आलं असतं. त्यांनी विचारपूर्वक लहान राहायचं ठरवलं, माणसं साधारण तीस-चाळीसच्या घरात. एकट्या मालकाला वाढीचा मोह असतो कारण वाढलेला नफा त्याचा, पण इथे माणसं वाढवली की नफ्याचे वाटेकरीही वाढतात, तर मग नुसतं मोठं होण्यात सुताराला काय इंटरेस्ट? त्याला चांगलं काम, बरा पगार आणि संध्याकाळी वेळेवर घरी एवढं पुरतं. मालकी कुणाकडे आहे यावर "वाढ" या गोष्टीचं गणितच बदलतं, हे मला या केसमधलं सगळ्यात शिकण्यासारखं वाटलं.

आता लाकूड. घरं लाकडाची आणि लाकडाविषयी काहीच नाही असं कसं चालेल.

या लोकांची ओळख म्हणजे वापरलेलं, वाचवलेलं लाकूड. मोडलेल्या जुन्या टाक्यांचं रेडवूड, पाडलेल्या इमारतींचे खांब-तुळया, आणि माझं सगळ्यात आवडतं म्हणजे नदीच्या तळातलं सायप्रस. दक्षिणेकडच्या राज्यांत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जंगलं तोडून ओंडके नदीतून वाहत गिरणीपर्यंत न्यायचे. जे जास्त जड, दाट वाढीचे, ते वाटेत बुडायचे, आणि तेच सगळ्यात जुन्या झाडांचे. तळाच्या गाळात हवा नाही त्यामुळे कुजले नाहीत. आता ते वर काढतात, कापतात, वाळवतात. आडव्या छेदावर वाढीच्या रेघा इतक्या जवळजवळ असतात की नखाने मोजायला गेलं तर मोजणी चुकते. नवीन लावलेल्या झाडात असं लाकूड मिळतच नाही, त्याला वेळच मिळालेला नसतो.

पण असं लाकूड वापरणं म्हणजे डोक्याला ताप. ते ऑर्डर करून येत नाही, मिळेल तेव्हा घ्यावं लागतं. आज गिऱ्हाईक नाही तरी घेऊन ठेवायचं, यार्डात थप्पी मारून, दोन थरांमध्ये पट्ट्या ठेवून हवा खेळती ठेवायची, वर्षानुवर्षं. जुन्या तुळईत तुटलेले खिळे असतात, आधी मेटल डिटेक्टर फिरवायचा नाहीतर करवतीच्या पात्याचे दात गेलेच म्हणून समजा. जुन्या जोडाच्या खोबणी असतात, त्या नवीन घरात कुठल्या बाजूला येतील हे डोक्यात धरून कापायचं. आणि कुठली फळी कुठून आली, कुठली कुठे चालेल, हे कागदावर कमी आणि माणसाच्या डोक्यात जास्त असतं.

इथे सुतार टिकण्याचा आणि लाकडाचा संबंध लागतो. दर दोन वर्षांनी सुतार बदलणाऱ्या कंपनीला हे परवडणारच नाही. यार्डातल्या ढिगाची आठवण असलेला माणूस गेला की तो ढीग निम्म्या किमतीचा होतो. आणि पाच वर्षांनी उपयोगी पडेल असं लाकूड आज घ्यायला कोण हो म्हणेल? ज्याला पाच वर्षांनी आपण इथेच असणार हे माहीत आहे तो. तासाच्या मजुरीवरचा माणूस म्हणेल मालकाचे पैसे, मालकाची हौस. म्हणजे "सस्टेनेबल" हा शिक्का मला तरी सर्टिफिकेटपेक्षा हजेरीपटावर जास्त दिसतो.

आपल्याकडे पुण्यात पेठांमधले वाडे पाडतात तेव्हा सागवानी खांब, सरं, कडीपाट हे सगळं टेम्पोत भरून जातं आणि पुढे त्याची टेबलं, झोपाळे, रेस्टॉरंटची सजावट होते. उत्तम लाकूड, बघवत नाही. त्याच्यापासून परत घराचा सांगाडा उभा करणारे अगदी हातावर मोजण्याइतके, कारण तसं काम येणारा मिस्त्री धरून ठेवणारी कंपनीच नाही.

आता यातली बोचणारी बाजू. ही कंपनी कमावते कशावर, तर मुख्यतः पैसेवाल्यांच्या घरांवर, आणि त्याच घरांमुळे जमिनीचे भाव वाढून स्थानिक बाहेर फेकले जातात. नदीच्या तळातल्या सायप्रसने बांधलेलं असलं तरी वर्षातले दहा महिने बंद राहणारं घर ते बंदच. एब्रम्सनी हे लपवलेलं नाही, आणि कंपनीने स्थानिकांसाठी परवडणाऱ्या घरांचं काम मनापासून अंगावर घेतलं. वेस्ट टिसबरीत 16 घरांची एक सामायिक वसाहत 2000 मध्ये पुरी झाली, आणि कंपनीचं ऑफिस-वर्कशॉपही त्याच जागेत आहे. मग एडगरटाउनला एक छोटी वसाहत. मग 2010 मध्ये वेस्ट टिसबरीतच एलियाकिम्स वे, आठ घरं, जमीन ट्रस्टच्या मालकीची राहते आणि घर माणसाचं, त्यामुळे विकताना भाव गगनाला जाऊ शकत नाहीत. प्रत्येक छतावर 5 किलोवॉटचे सोलर पॅनल. आणि नंतर त्यांनी प्रत्येक घराचं विजेचं मोजमाप ठेवलं, कुणाचा वापर किती. घरं जवळपास सारखीच, भिंतीतलं इन्सुलेशन तेच, पॅनल तेच, पण वापरात घराघरात मोठा फरक, कारण आत राहणारी माणसं वेगळी. बिल्डरने घर विकल्यावर वर्षभर मीटर वाचत बसणं हे मी तरी फार ठिकाणी ऐकलेलं नाही.

तरीही, आठ आणि सोळा घरांनी बेटाचा प्रश्न सुटत नाही. तिथे घराची सरासरी किंमत आता दहा लाख डॉलरच्या वर गेलीये. त्यामुळे या कंपनीला कुणी संत वगैरे ठरवायला लागलं तर मी हात वर करेन. ती बाजारातच आहे, फक्त बाजाराचं सगळं ऐकत नाही.

पुढचा टप्पा म्हणजे एब्रम्सनंतर काय. छोट्या कंपन्या खरं तर इथे मरतात, मुलगा अमेरिकेला (ही कंपनी अमेरिकेतच आहे, पण समजून घ्या), मुलीला इंटरेस्ट नाही, मग एखाद्या मोठ्या बिल्डरला विकून टाकायचं. इथे विकायचा प्रश्नच नव्हता, मालक आतच होते. 2022 च्या शेवटी एब्रम्स बाजूला झाले आणि कंपनीतच वर्षानुवर्षं काम केलेल्या डीयर्ड्रा बोहन प्रमुख झाल्या, सोबत आतल्याच जुन्या माणसांची टीम. तयारी आधीपासून चालू होती, एकदम हार घालून निरोप असं नाही. एब्रम्स आता दुसऱ्या छोट्या कंपन्यांच्या मालकांना हेच सांगत फिरतात की जाण्याआधी काय करा.

आपल्याकडे जमेल का, हा प्रश्न येणारच. महाराष्ट्रात सहकार म्हटलं की साखर कारखाना, आणि तिथे मालक ऊसवाला शेतकरी, कारखान्यातला कामगार नव्हे. कामगारांच्या बाजूचं म्हणाल तर मजूर संस्था आहेत, पण त्या बऱ्याच ठिकाणी कागदावर मजुरांच्या आणि प्रत्यक्षात कुणा कॉन्ट्रॅक्टरच्या किंवा पुढाऱ्याच्या, सरकारी कामं पदरात पाडून घ्यायला. त्यामुळे नाव काढलं की लोक हसतात. मुंबईत कुर्ल्याची कमानी ट्यूब्स ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कामगारांनी सहकारी पद्धतीने चालवायला घेतली होती, पण तो बंद पडलेला कारखाना होता, म्हणजे बुडत्या जहाजाची चावी. वेस्ट टिसबरीत चालता धंदा वाटला गेला, हा फरक मोठा आहे.

आणि बांधकामातलंच उदाहरण हवं असेल तर मॅसॅच्युसेट्सला जायचीही गरज नाही, केरळात वडकराजवळची उरालुंगल सोसायटी बघा, 1925 पासूनची, मजुरांचीच, आज रस्ते-पूल-इमारती बांधते. मजूर संस्था हीच, पण खरी.

कोकणात किंवा सह्याद्रीकडेला लाकडी-मातीची घरं करणारे छोटे आर्किटेक्ट-बिल्डर आता बरेच दिसतात, कामं सुंदर, फोटोही सुंदर. त्यांना या केसमधून सहकार उचलायची घाई करू नका असंच मी म्हणेन. आधी मिस्त्रीला पावती द्या, पीएफ भरा, आणि वर्षाच्या शेवटी नफा किती झाला तो आकडा त्याला दाखवा. बहुतेक ठिकाणी गाडी या आकड्यापाशीच अडते.